माळ्यावरच्या बाहुल्या

मुलाने भयपट पाहिला आणि आता ते रात्री एकटं झोपत नाही, ही तक्रार मुलांची समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्यांदा येते की पालकांचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढची चार मीच म्हणू शकते. "मॅडम, किती समजावलं. बाहुल्या जिवंत नसतात हे तिला कळत कसं नाही?" कळतं हो. नऊ वर्षांच्या मुलीला ते चांगलंच कळतं. म्हणूनच समजावून काही होत नाही.

ही मुलगी नऊ वर्षांचीच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मोठ्या मावसभावाबरोबर तिने मोबाइलवर 'पपेट मास्टर'चा दुसरा भाग पाहिला. १९८९ साली थेट व्हिडिओवर आलेल्या अमेरिकी भयपटाचा हा पुढचा भाग. तिथे तो 'आर' वर्गात मोडतो, म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबरच पाहायचा. सोबतीला होता तो भाऊ तेरा वर्षांचा.

पहिले काही दिवस ती फक्त दिवा चालू ठेवून झोपायची. मग आईने तिच्या सगळ्या बाहुल्या पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या. त्यानंतर मुलगी दिवसासुद्धा त्या खोलीत जाईना.

"आता खोलीत एकही बाहुली नाही ना?" मी विचारलं.

"नाही. वर आहेत."

"मग?"

बराच वेळ ती टेबलाची कड नखाने खरवडत बसली. "म्हणूनच तर. चिडल्या असतील."

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आवाज कमी करून, मी तो चित्रपट पाहिला. कुणाच्या हाताच्या जागी सुरी, कुणाच्या डोक्यावर ड्रिल, एकाच्या हातातून आग. या बाहुल्या आपल्या कर्त्याचं थडगं उकरून त्याला उठवतात आणि त्याच्यासाठी माणसं मारतात. पण तो आपल्याला नुसतं वापरून घेतोय हे कळल्यावर शेवटी त्याच्यावरच उलटतात. मुलीच्या मनात रुतून बसला होता तो हा शेवट. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने दगा दिला, तर बाहुल्या सोडत नाहीत. आणि तिने तर आपल्या बाहुल्या पिशवीत कोंबू दिल्या होत्या. आईने उपाय म्हणून जे केलं, तो तिच्या लेखी सिनेमाचा तिसरा भाग होता.

"कशाची भीती वाटते?" हा प्रश्न मी मुलांना फारसा विचारत नाही. "ती गोष्ट तुझं काय करेल?" आणि लगेच, "का करेल?" असं विचारते. या 'का'मध्ये बहुतेक वेळा सगळं सापडतं. नव्याने या कामात येणाऱ्यांनाही मी हेच सांगते, आणि ते सुरुवातीला हसतात.

पुढे आम्ही एक बाहुली खाली आणली, तिनेच निवडलेली. आधी खोलीच्या दाराशी, मग खुर्चीवर, मग टेबलावर. घाई अजिबात नाही. माझा भर नेहमी जवळ जाण्यावर असतो, पळवून लावण्यावर नाही. मग मी तिला सांगितलं की या दुसऱ्या भागाचे दिग्दर्शक डेव्हिड ॲलन मुळात बाहुल्या हलवणारे कलाकार. बाहुली जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चित्रं.

"आपण करायचं?"

आम्ही सेकंदाला १२ वर भागवलं. तीन सेकंदांसाठी ३६ फोटो. आई मोबाइल धरून होती, मुलगी दर फोटोनंतर उठून बाहुलीची मान केसभर वळवायची. विसाव्या फोटोच्या आसपास बाहुली कलंडली, सगळं पहिल्यापासून. तेव्हा ती बाहुलीवर खेकसली, "नीट बस ना गं!"

मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं. ज्याची भीती वाटते त्याच्यावर कुणी असं खेकसत नाही.

चित्रफीत चालवली. बाहुलीने हळूच मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मुलगी दचकून मागे सरकली. मग पुन्हा लावली, मग उलटी लावली. "मावशी, हिला एकदा मान वळवायला मला छत्तीस वेळा उठावं लागलं!"

पालकांना इतकंच. सहा-सात वर्षांखालच्या मुलाला असले पुरावे दाखवू नका. त्याला तुमची मांडी आणि तुमचा हात हवा. रोज रात्री पलंगाखाली वाकून तपासू नका, कारण तपासण्यासारखं काहीतरी आहे असाच त्याचा अर्थ निघतो. 'बघ, खोटं आहे' म्हणून तोच चित्रपट पुन्हा दाखवू नका. दाखवणाऱ्या भावाला मुलासमोर झापू नका, नाहीतर पुढच्या वेळी मूल काय पाहिलं ते सांगणारच नाही. घाबरट हा शब्द तर विसराच. आणि महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच असेल, तर वाट न बघता कुणाला तरी दाखवा.

शेवटच्या भेटीला आई म्हणाली की बाहुल्या सगळ्या खोलीत परत आल्या आहेत, एक सोडून. मी मुलीकडे पाहिलं.

"ती राहू दे वरच," ती म्हणाली. "ती मला आधीपासूनच आवडत नव्हती."