मुलांसोबत निवांत वेळ: सुरुवात कशी करावी

मुलासोबत रोज थोडा निवांत वेळ घालवावा, हे मूल लहान असतानाच तुमच्या मनात आलं, फार छान. मोठ्या सुट्टीची वाट पाहू नका. रोजची एकच वेळ धरा, शक्यतो झोपण्यापूर्वीची. दिवा मालवला की मुलं आपणहून बोलू लागतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शेजारी पालथा ठेवला तरी लक्ष तिकडेच जातं.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- तो वेळही शिकवण्यात घालवणं. खेळ मुलाला ठरवू द्या.
- सतत फोटो. एखादा पुरे.
- ‘चल लवकर’चा धोशा. दोन-तीन वर्षांच्या मुलांना बूट स्वतःच घालायचे असतात, आणि ते घालू द्यावेतच. तयारी दहा मिनिटं आधी सुरू करा, बरीच चिडचिड टळते.

एखादा दिवस हुकला तर हुकू द्या. आज रात्रीच सुरू करा.