प्रायोगिक संगीताच्या महोत्सवात दोनशे कार्यक्रमांतून नेमकं काय ऐकायचं, हे कसं ठरवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सांगलीचे, मिरजेच्या संगीत सभा वर्षानुवर्षं ऐकत आलेले. मार्चअखेर मुलीकडे अटलांटाला जाताय आणि तिने अमेरिकेतल्याच नॉक्सव्हिल गावच्या ‘बिग इअर्स’ या प्रायोगिक संगीताच्या महोत्सवाचे चार दिवसांचे पास काढून ठेवलेत. कार्यक्रम दोनशेच्या आसपास, नावं बहुतेक अनोळखी. यातून निवड कशी करायची?

नावांच्या मागे लागू नका. कोणता कार्यक्रम कोणत्या सभागृहात आहे, तो किती मोठ्याने वाजणार आहे आणि त्या वेळी तुमचं शरीर जागं असेल का, या तीन गोष्टींवर यादी बांधा. नावं त्यानंतर.

मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतिसभेला आपण बैठक मारून बसतो आणि कलाकार एकामागून एक समोर येतात. ज्येष्ठ कलाकार उशिरा बसणार, हेही गृहीत असतं. नॉक्सव्हिलला गावाच्या मध्यभागात डझनभराहून जास्त जागा असतात आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी वाजवणं चालू असतं. दुपारी १ ला वाजवणारा माणूस रात्री १० च्या कलाकाराइतकाच मोठा असू शकतो. त्यामुळे वेळेवरून मोठेपणाचा अंदाज बांधू नका. दुसरी गोष्ट म्हणजे, साध्या पासात खुर्ची राखीव नसते. जो आधी येईल तो आत. सभागृह भरलं की बाहेर रांगेत थांबायचं आणि आतून कुणी उठलं की शिरायचं. महागड्या प्रीमियर पासवाल्यांना आधी सोडतात. मुलीने कोणता पास घेतलाय ते आजच विचारून घ्या, कारण पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

आता चाळणी. दोनशे नावांना प्रत्येकी १० मिनिटं दिली तरी ३३ तास जातात, तेव्हा सगळं ऐकण्याच्या फंदात पडू नका. पहिल्या फेरीत महोत्सवाच्या संकेतस्थळावरचा प्रत्येकाचा मजकूर फक्त वाचा आणि वहीत तीन गोष्टी टिपा: वाद्य कोणतं, माणसं किती, सोबत कोण. अशा महोत्सवात एकच चेलोवादक गुरुवारी एकटा, शनिवारी त्रिकुटात आणि रविवारी कुणा गायिकेबरोबर वाजवतो, आणि तिन्ही वेळेला वाजवणं वेगळं असतं. म्हणून नावासमोर ‘सोबत कोण’ हा रकाना हवाच. या फेरीत ४० नावं उरली पाहिजेत.

दुसऱ्या फेरीत त्या ४० जणांना १० मिनिटं द्या. रोज अर्धा तास दिला तर दोन आठवड्यांत काम होतं. यूट्यूबवर नावापुढे ‘लाइव्ह’ लिहून शोधा आणि २० मिनिटांपेक्षा लांब असलेलंच रेकॉर्डिंग निवडा. पहिली ३ मिनिटं ऐका, मग सरळ पंधराव्या मिनिटावर जा. तिथे काय बदललंय ते पाहा. स्टुडिओत केलेला अल्बम इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण यातले बरेच जण मंचावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात. ऐकताना हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचे स्वर येतच नाहीत, आणि या संगीतात अनेकदा सगळा मामला खालच्या स्वरांतच चाललेला असतो.

कोणत्या प्रकाराला किती वेळ द्यायचा, हे आधी ठरवलेलं बरं. ‘ड्रोन’ म्हणजे एकच स्वर किंवा एकच स्वरसमूह तासभर धरून ठेवणं. याला अर्धवट ऐकण्यात काही अर्थ नाही. पहिली १५-२० मिनिटं कान नुसते स्थिरावत असतात, मूळ स्वरात दडलेल्या वरच्या स्वरांचा खेळ त्यानंतर ऐकू यायला लागतो. तानपुऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा झंकार) नीट लागलेली ओळखणाऱ्या मिरजेकडच्या श्रोत्याला हा प्रकार सगळ्यात लवकर भिडेल, असं मला खात्रीने वाटतं. त्यामागे नातंही आहे. किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले, आणि ला माँट यंग व टेरी रायली हे तिथले या पंथाचे आद्य संगीतकार त्यांच्याकडे शिकले. टेरी रायली २०१० मध्ये याच बिग इअर्सचे प्रमुख पाहुणे कलाकार होते. तेव्हा यादीत ड्रोन दिसला की त्याला परकं समजू नका. तो दोन-तीन वेळा तरी घ्याच, आणि बसून घ्या. ऐकताना मान हळूच एका बाजूला वळवून पाहा. सभागृहात आवाजाच्या लाटा ठिकठिकाणी एकमेकींना वाढवतात किंवा मारतात, त्यामुळे डोकं चार बोटं हललं तरी वेगळा स्वर पुढे येतो.

मुक्त इम्प्रोव्हायझेशनचं उलटं आहे. त्यात ताल, सम, राग काहीच ठरलेलं नसतं, वादक एकमेकांना ऐकून उत्तर देत जातात. इथे २५ मिनिटं पुरतात. तेवढ्यात दोघांचं जमतंय की प्रत्येक जण आपापलं वाजवतोय, ते कळतं. शक्यतो पुढच्या रांगांत, हात दिसतील असं बसा. हात दिसले नाहीत तर निम्मा संवाद हुकतो. लिहिलेलं संगीत, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांचा संच) वगैरे, पूर्ण ऐकायचं. गाण्यांच्या अंगाने जाणारे असतील तर तीन गाण्यांत निर्णय होतो.

सभागृहांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवखा माणूस इथेच चुकतो. गे स्ट्रीटवर दोन जुनी नाट्यगृहं आहेत: टेनेसी थिएटर (१९२८) आणि त्याच रस्त्यावर थोडं पुढे बिजू थिएटर (१९०९). टेनेसीत साधारण १६०० माणसं बसतात, बिजूत सातशेच्या आसपास. एकातून दुसऱ्यात जायला पाच मिनिटं. ‘मिल अँड माइन’ मात्र उत्तरेला, रेल्वेरुळांच्या बाजूला. टेनेसीपासून साधारण किलोमीटरभर, म्हणजे चालत १५ मिनिटं, बिजूपासून २० धरा. तिथे बहुतेक कार्यक्रम उभ्यानेच ऐकावे लागतात. सेंट जॉन्स कॅथेड्रलमध्ये आवाज बराच वेळ घुमत राहतो. एकटा आवाज, ऑर्गन, ड्रोन तिथे फुलतात. तेच चर्चमध्ये ड्रम ऐकलेत तर एका ठोक्यात दुसरा मिसळून चिखल होतो. एखादा कलाकार दोनदा वाजवणार असेल, तर जागा पाहून दिवस निवडा.

लहान जागा आधी भरतात. त्यामुळे एकाच वेळी दोन आवडीचे कार्यक्रम आले तर लहान सभागृहातला धरा आणि ४० मिनिटं आधी रांगेत उभे राहा. टेनेसीसारख्या मोठ्या ठिकाणी एरवी १०-१५ मिनिटं आधी पोचलं तरी चालतं, अगदी गाजलेलं नाव असेल तेवढंच अपवाद. लहान जागी बसलात आणि मन लागलं नाही, तर मोठ्या जागी मध्येच शिरता येतं. उलटं जमत नाही: मोठ्यातून उठून लहानात गेलात की दारावर ‘भरलं’ ऐकावं लागतं.

मध्येच उठायची शक्यता असेल तर मागच्या बाजूला, वाटेलगतची खुर्ची घ्या आणि दोन रचनांच्या मध्ये, टाळ्या चालू असताना बाहेर पडा. शांत वादनात खुर्चीचा आवाज अख्ख्या सभागृहाला ऐकू जातो.

कानांचं गणित लोक सहसा मांडत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पस्तावतात. ‘नॉइज’ म्हणजे गोंगाटातूनच संगीत घडवण्याच्या प्रकारातले काही जण मुद्दाम फार मोठ्याने वाजवतात. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. त्यांचं आवाज मोजण्याचं अ‍ॅप आयफोनवर फुकट मिळतं, मुलीच्या फोनवर टाकून ठेवा. कानात घालायला संगीतासाठी बनवलेले इअरप्लग घ्या. साधे फोमचे प्लग वरचे स्वर जास्त खातात, त्यामुळे सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. तरी वेळेला तेही चालतील; फक्त ते घट्ट वळून, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढून आत सारा, नाहीतर ते नुसते तोंडाशी अडकून राहतात आणि आवाज अडत नाही.

याच कारणासाठी दिवसाचा क्रम हळू आवाजाकडून मोठ्या आवाजाकडे ठेवा. मोठ्या आवाजानंतर कान काही तास तात्पुरते मंद होतात. संध्याकाळी ६ ला नॉइज आणि ८ ला एकट्या व्हायोलिनचं वादन असं ठेवलंत, तर व्हायोलिनची अर्धी बारकी कामं तुम्हाला ऐकूच येणार नाहीत, आणि दोष त्या वादकाला द्याल. मोठा आवाज शेवटी, आणि त्यानंतर थेट झोप.

झोपेचाही हिशोब मांडा. मार्चअखेर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. दुपारी ३ म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेबारा, आणि रात्री ११ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. पहिले काही दिवस दुपारी ३ ते ५ मध्ये डोळे मिटणारच. त्या वेळेत अंधारलेल्या सभागृहातला ड्रोन ठेवलात तर गाढ झोप लागेल. तिथे चालत पाहायच्या गोष्टी घाला: ध्वनीची मांडणी (आवाजाने रचलेली, फिरून ऐकायची कलाकृती), प्रदर्शन, किंवा नुसतं गावाच्या मध्यातल्या मार्केट स्क्वेअर चौकात जेवण. आपल्याकडून गेलेल्या माणसाला उशिराचे कार्यक्रम उलट ताजेपणाने ऐकता येतात. जमलं तर महोत्सवाच्या चार-पाच दिवस आधी अटलांटाला पोचा. तिथून नॉक्सव्हिल गाडीने सव्वातीन-साडेतीन तास आहे.

आता प्रत्यक्ष तक्ता. नावं आदल्या वर्षीच जाहीर होतात, तासवार वेळापत्रक मात्र महोत्सव जवळ आल्यावर येतं. ते आलं की चौकटीच्या वहीचं पान आडवं धरा. डावीकडे सभागृहं, वर वेळ, एक चौकट म्हणजे १५ मिनिटं. दिवसाला एक पान. आधी जेवणाचे दोन भाग, ४५ मिनिटांचे, शाईने भरून टाका. मग पक्के कार्यक्रम: गुरुवारी दोन, शुक्रवारी आणि शनिवारी चार-चार, रविवारी तीन. तेरा. चार दिवसांत यापेक्षा जास्त काळजीपूर्वक ऐकणं होत नाही, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक पक्क्याच्या आधी चालण्याची आणि रांगेची वेळ तिरप्या रेघांनी भरा. बहुतेकांचा बेत इथेच कोसळतो: ७ ला संपणारा आणि ७:१५ ला सुरू होणारा कार्यक्रम कागदावर जुळतो, पण टाळ्या, गर्दी, जिना, रस्ता आणि रांग धरली की दुसऱ्याची पहिली वीस मिनिटं गेलेली असतात. शेवटी प्रत्येक पक्क्याला जवळच्याच सभागृहातला एक बदली कार्यक्रम पेन्सिलीने लिहा. दार बंद मिळालं तर उभ्या उभ्या मोबाइल चाळत बसायला नको.

उदाहरणादाखल शुक्रवार असा दिसेल: साडेबाराला चर्चमध्ये ऑर्गन किंवा आवाज; २ ला जेवण; ३ ते साडेचार प्रदर्शन; ५ ला बिजूच्या रांगेत, साडेपाचला क्वार्टेट; ७ ला जेवण; साडेआठला टेनेसी थिएटर; साडेदहाला, पाय साथ देत असतील तर, कानात प्लग घालून मिल अँड माइन. रोजच्या चारांत एक तरी असा ठेवा की ज्याबद्दल फक्त वाद्य माहीत आहे, बाकी काही नाही.

किरकोळ पण लागणाऱ्या गोष्टी. तासभर उभं राहणं जमत नसेल तर आयोजकांना आधीच मेल करून बसायची सोय विचारा, दारावर विचारू नका. मनगटाला बांधलेली पट्टी चार दिवस काढायची नाही. पिशवीच्या आकारावर निर्बंध असू शकतात, लहानच न्या. मार्चअखेर दुपारी १८ अंशांपर्यंत आणि पहाटे ५-६ पर्यंत पारा जातो, पाऊसही येतो. पातळ जॅकेट आणि छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट बरा, रांगेत छत्री अडचणीची होते. मध्यभागात फिरणारी ट्रॉली बस फुकट असते, पण रात्रीची शेवटची वेळ आधी पाहून ठेवा. तक्त्याचा फोटो मुलीच्या फोनवर आणि कागद तुमच्या खिशात असू द्या, कारण बॅटरी संध्याकाळी संपते.

आणि मुलीची आवड वेगळी असेल तर दोघांनी चारही दिवस एकत्र फिरायचा हट्ट धरू नका. दिवसातले दोन कार्यक्रम एकत्र, बाकी आपापले, आणि भेटायची जागा मार्केट स्क्वेअर. रविवारी मात्र परतीचा प्रवास रात्रीच करायचा की सोमवारी सकाळी, हे आधी ठरवा. सोमवारी निघालात तर रविवारचा तिसरा कार्यक्रम बिनघोर पूर्ण ऐकता येईल. तासवार वेळापत्रक आलं की तुमचे तेरा इथे लिहा, कुठे धावपळ होतेय ते पाहून सांगतो.