टकटक कुठून येते?

प्रश्न : लेकराचा रिमोटचा ट्रक वेग दिला की मागून टकटक करतो. चढावर मोटर फिरते, चाकं हलत नाहीत. काय करावं? — एक वाचक, परभणी

उत्तर : बहुधा डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचे, दात गेलेत. चाकं उचला, मधला शाफ्ट (मोटरची ताकद मागं नेणारा दांडा) घट्ट धरून मागची दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरवा. टकटकत घसरली, तर क्राउन-पिनियन, म्हणजे डब्यातली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, झिजलंय. एकच गिअर बदलू नका; जुना दात नव्याला खातो, मी स्वतः दोनदा फसलोय. जोडीच बदला. बेअरिंग खिळखिळं नाही ना, पाहा. दातांत ढिलाई उरली तर ०.१ मिलिमीटरची शिम (पातळ चकती) घाला, पण फिरताना अडकायला नको. आणि आपल्या काळ्या रानातली धूळ ग्रीसमध्ये गेली की घासकागदच तो! डब्याच्या झाकणाच्या फटी आधी बघा.