सोलर प्रकल्पासाठी जागा जतला घ्यावी की शिराळ्याला?

जतलाच घ्या. दोन्ही तालुके सांगलीचेच, पण शिराळा सह्याद्रीला चिकटलेला. पावसाळ्यात तिथं ढग हटत नाहीत आणि युनिट घसरतात. जत पर्जन्यछायेत, त्यामुळे जुलै-ऑगस्टातही बरंच ऊन मिळतं. चटका जास्त म्हणजे वीज जास्त, असं मात्र नाही: पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणून खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर बसवा. तोंड दक्षिणेला, कल सुमारे १७ अंश. जतची खरी अडचण पाण्याची. फुफाटा काचेवर बसतो, धुवायला पाणी लागतंच, आणि क्षाराच्या बोअरचं पाणी वापरलंत तर काचेवर पांढरे डाग धरतात. तेवढी सोय बघूनच इसार द्या.