जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटचं कव्हर तडकलंय. फेव्हिक्विक लावू, की लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेऊ?

फेव्हिक्विक वरून तरी लावू नका. तुम्ही लिहिलंय की कॅसेट माळ्यावरून पडली, लेबलच्या खालून कडेपर्यंत तडा गेलाय आणि कोपऱ्याचा एक टवका हातात आलाय. फेव्हिक्विकची वाफ आजूबाजूला बसते आणि गडद प्लास्टिकवर पांढरट डाग उठतो. दमट हवेत तो जास्तच उठतो, म्हणजे आपल्या मुंबईत जून ते सप्टेंबर हमखास. शिवाय तो सांधा ताठ असतो. कॅसेट कन्सोलमध्ये दाबली की कव्हर जरासं लवतं आणि नेमकं तिथेच पुन्हा सुटतं.

बहुतेक कॅसेटींचं कव्हर एबीएस प्लास्टिकचं असतं, आणि एबीएस ॲसिटोन या द्रावकात विरघळतं. त्यामुळे मी चिकटवत बसत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. तेही फक्त आतून. बाहेर बारीक रेघ राहते, ती राहू द्यावी. पॉलिश पेपर मारून ती घालवायला गेलं की कव्हरचा मूळचा खरखरीत पोतही जातो, आणि तो गुळगुळीत पट्टा तड्यापेक्षा जास्त डोळ्यात भरतो.

आधी कॅसेट उघडा. निन्टेन्डोच्या करड्या कॅसेटींना बहुधा ३.८ मिमीचा खास स्क्रू असतो. त्याचा बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, ऑनलाइन सहज मिळतो. फॅमिकॉम पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेमबरोबर मिळायच्या तशा छोट्या कॅसेटींना बऱ्याचदा स्क्रू नसतातच, आत खटके असतात. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलंत तर खटका मोडेल आणि नवीन काम वाढेल. सर्किट बाहेर काढून वेगळ्या खोलीत ठेवा.

मग चाचणी. दात कोरायच्या काडीने आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी ॲसिटोनचा थेंब ठेवा. थोड्या वेळात जागा चिकट झाली, काडी उचलताना तार आली, तर पुढे जा. काहीच झालं नाही तर प्लास्टिक वेगळं आहे; मग आतून एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) आणि बारीक जाळीचा तुकडा लावणं बरं. ॲसिटोन रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल, सुगंध असं काहीबाही असतं, ते नको.

आता मुख्य काम. कव्हर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. तडा जिथे संपतो तिथे १ मिमीचं ड्रिल बोटांनी फिरवून भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. ते टोक लेबलखाली असेल तर हा भाग सोडून द्या. आतल्या बाजूने तड्यावर कटरने उथळ खाच करा. कडा नीट जुळवून बाहेरून मास्किंग टेप लावा, पण लेबलवर नको, काढताना कागद सोलून येतो. बारीक ब्रशचं टोक ॲसिटोनमध्ये बुडवून खाचेला नुसतं टेकवा. द्रव आपोआप तड्यात ओढला जातो. इथे हात आखडता ठेवा, कारण जास्त झालं तर ते लेबलपर्यंत झिरपतं आणि शाई पसरते.

खाच भरायला एबीएसचा लगदा लागतो. जुन्या कीबोर्डच्या किंवा मेलेल्या कॅसेटच्या कव्हरवर आतून ‘एबीएस’ असा छाप असतो का बघा. त्याचे चुरे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की मधाइतका दाट लगदा होतो. थर्मोकोलच्या कपात करू नका, कपच विरघळेल. लगदा वाळताना आक्रसतो, म्हणून पातळ थर देऊन दुसऱ्या दिवशी वर आणखी एक द्या. टवकाही याच लगद्याने बसवा. स्क्रूचा आतला खांब चिरला असेल तर त्याभोवती शिवणाचा दोरा दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळून वरून लगदा लावा. नंतर स्क्रू पिळताना जोर नको, बहुतेक खांब त्यानेच चिरतात.

ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. खिडकी उघडी ठेवा. स्वयंपाकघरात तर नकोच, आणि वन रूम किचन असेल तर गॅस, देवासमोरचा दिवा, उदबत्ती सगळं आधी विझवा.

लॅमिंग्टन रोडचं म्हणाल तर, सर्किटवरचं सोल्डरिंग किंवा गेम सेव्ह करणारी बॅटरी बदलायची असेल तर जरूर जा. कव्हरसाठी मी नेणार नाही. घाईत कुणी हॉट ग्लूचा गोळा लावून दिला तर तो खरवडून काढण्यात वेळ जातो. चोर बाजारात त्याच आकाराची एखादी बंद पडलेली कॅसेट मिळाली तर मात्र घेऊन ठेवा, लगद्याला रंगही जुळतो.

कव्हर किमान २४ तास तसंच ठेवा, वास पूर्ण गेल्याशिवाय सर्किट आत घालू नका. घालण्याआधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. आणि फुंकर मारायची सवय सोडा, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात.