तीन दिवसांत अलंग-मदन-कुलंग?

प्रश्न : आम्ही चौघं डिसेंबरमध्ये तीन दिवसांत अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले आणि जमलं तर कळसूबाईपण करायचं म्हणतोय. राजगड-तोरणा सॅक घेऊन केलाय. चढायला रोप (दोर) लागेलच का?

उत्तर : लागेलच. अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी तोडल्यात, तिथे सरळ कातळ चढावा लागतो, त्यामुळे क्लायंबिंग येणारा अनुभवी माणूस सोबत नसेल तर कृपा करून जाऊ नका, राजगड-तोरण्याचा अनुभव इथे पुरत नाही. कुलंगला रोप लागत नाही पण चढण संपता संपत नाही. पायथ्याच्या आंबेवाडीतून निघा, पहिला मुक्काम अलंगच्या गुहेत, दुसऱ्या दिवशी मदन करून कुलंगवर. कुलंगची टाकी मात्र निवांत बघा, शेजारी घळीत दगडी बांध आहे आणि त्यात कोरलेलं गोमुख, मी तिथून लवकर उठूच शकले नव्हते. पाणी माणशी 4 लिटर घेऊनच निघा. सॅक 10 किलोच्या आत ठेवा, कातळावर जड सॅक मागे ओढते, ती वेगळी रोपने वर घ्या. आणि 1646 मीटरचं कळसूबाई या वेळी राहू द्या, बारी गावातून ते एका दिवसात आरामात होतं.