जुलाबात मीठ-साखरेचंच पाणी का?

प्रश्न : उन्हाळ्यात लेकराला जुलाब लागले की आशाताई मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणतात. नुसतं पाणी का नाही चालत? साखर काय फक्त चवीला असते का? – एक आई, परभणी

उत्तर : नाही ताई, खरं काम तर साखरच करते. आतड्यातल्या पेशीचं आवरण चरबीचं असतं, त्यातून मीठ-साखर आपोआप आत जात नाही, म्हणून त्यात प्रोटीनची दारं असतात आणि त्यातलं एसजीएलटी-१ नावाचं दार मिठातल्या सोडियमचे २ कण आणि साखरेतून मिळणाऱ्या ग्लुकोजचा १ कण असे सोबतच आत घेतं. ते आत गेले की पाणी त्यांच्या मागं ओढलं जातं. पेशीच्या दुसऱ्या बाजूला एक पंप सोडियम सारखा बाहेर काढत राहतो, म्हणून तर हे दार थांबत नाही. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की कॉलऱ्यात मीठ शोषायचे बाकीचे रस्ते बिघडले तरी हे दार चालूच राहतं! १९७१ ला बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन कमी पडलं तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी असंच पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले.

ओआरएसचं, म्हणजे याच पाण्याच्या तयार पुडीचं, पाकीट मिळालं तर तेच घ्या. नाहीतर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ. साखर जास्त टाकू नका हं, त्यानं जुलाब वाढतात. लेकरू मलूल पडलं, लघवी होईना, तर लगेच दवाखाना गाठा.